मिरचीच्या गोदामातला तात्या विंचू

धर्माबादच्या बाजारात हंगामाच्या दिवसांत जो पाहुणा प्रथमच पाऊल ठेवतो, त्याचे स्वागत गावकऱ्यांच्या आधी मिरची करते. मोंढ्यात लाल मिरचीचे ढीग पडू लागले म्हणजे आगगाडीतून उतरणारा उतारू रिक्षात बसण्यापूर्वीच शिंकू लागतो, आणि ज्याला शिंक येत नाही तो इथलाच असामी समजावा, अशी एक बिनखर्चाची ओळखपरेड आमच्याकडे पूर्वापार चालत आली आहे. हंगाम सरतो, पोती मालमोटारींत भरून परमुलखी रवाना होतात, गोदामे झाडून-लोटून लख्ख केली जातात. तथापि भिंतींच्या भेगांत, पत्र्याच्या वळचणीला आणि घड्या घालून ठेवलेल्या बारदानात ती मिरची सूक्ष्मरूपाने पुढल्या हंगामापर्यंत वास करून असते, आणि चार माणसे आत शिरून हालचाल करू लागली, की आपला कब्जा अद्याप सुटलेला नाही हे ती ठसक्याच्या द्वारे जाहीर करते.

सन १९९४ च्या गणेशोत्सवात अशाच एका रिकाम्या गोदामात आमच्या गल्लीच्या मंडळाने व्हिडिओ आणला होता. ‘व्हिडिओ आणणे’ हा शब्दप्रयोग आजच्या मुलांस उलगडून सांगावा लागतो. एक रंगीत दूरचित्रवाणी संच, एक व्हीसीआर, तीन चित्रपटांच्या कॅसेटी आणि या सर्व ऐवजाची राखण करणारा एक मिसरूड फुटलेला मुलगा, असा सरंजाम एका रात्रीच्या बोलीने भाड्याने मिळत असे. वर्गणीत भर पडली तर चौथी कॅसेट, आणि पहाटेच्या गाडीने माल परत न केल्यास दुसऱ्या दिवसाचे भाडे, हा त्यातला करार. तीन कॅसेटींपैकी पहिली देवाची असावी, दुसरी अमिताभची असावी, आणि तिसरी मुले म्हणतील ती असावी, असा आमच्या गल्लीचा दंडक होता. त्या वर्षी मुलांनी एकमुखाने ‘झपाटलेला’ मागितला. चित्रपट आदल्या वर्षीचा, म्हणजे १९९३ चा. नांदेडला मामाकडे राहून तो पाहून आलेल्या एका पोराने गल्लीत त्याचे इतके निरूपण केले होते, की बाकीच्यांना तो न पाहताच अर्धा पाठ झाला होता.

मी तेव्हा बिलोलीच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून होतो. धर्माबाद त्या काळी बिलोली तालुक्यातच मोडत असे. स्वतंत्र तालुक्याचा मान त्याला १९९९ साली मिळाला. दिवसभर फेरफाराच्या नोंदी, हरकती आणि जबान्या यांत मान मोडून घेतलेल्या मनुष्यास रात्री बाहुल्याचा सिनेमा पाहण्याची हौस असण्याचे कारण नव्हते. परंतु माझा मुलगा नऊ वर्षांचा होता, आणि ‘तुम्ही बसणार असाल तरच मी बसतो’ अशी त्याने अट घातली होती. पुढे बारदानावर मुले, डाव्या हाताला बायका, मागे विड्या ओढणारे पुरुष, आणि मध्ये पोत्यांच्या थप्पीवर मांडलेला तो संच. दर दोन-चार मिनिटांनी कोणाला तरी ठसका लागे, तो एकाकडून दुसऱ्याकडे जाई, आणि साऱ्या सभेचे डोळे पाण्याने भरून येत; ते पाणी मिरचीचे की भीतीचे याचा निवाडा करणे कोणाही मुनसिफाला अशक्य होते. मुलाने माझ्या सदऱ्याचे दुसरे बटण चिमटीत धरले होते, आणि भीती वाढेल तसतसा तो ते पिळीत होता.

ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल, असे मराठी वाचक थोडेच असतील. त्यांच्यापुरते कथानक सांगतो. तात्या विंचू हा नामचीन गुंड बाबा चमत्कार नामक मांत्रिकाकडून मृत्युंजय मंत्र हस्तगत करतो, इन्स्पेक्टर महेश जाधवच्या गोळीने मरता मरता तो मंत्र जपतो, आणि जवळच पडलेल्या एका बाहुल्यात त्याचा प्राण शिरतो. हा बाहुला पुढे बोलक्या बाहुल्यांचा शौक असलेल्या भोळ्या लक्ष्याच्या हाती पडतो. आणि आता बाहुल्याच्या देहातून सुटका करून घेण्यासाठी तात्याला लक्ष्याचाच देह हवा असतो. महसुली भाषेत सांगायचे तर हा बेकायदा कब्जाचा मामला आहे: मूळ धारक मयत, नोंद झालेली नाही, आणि तरीही इसम दुसऱ्याच्या गटात घुसून बसला आहे. दिग्दर्शन महेश कोठारे यांचे, इन्स्पेक्टरही तेच. लक्ष्या म्हणजे अर्थातच लक्ष्मीकांत बेर्डे. बाबा चमत्कार राघवेंद्र कडकोळ. आणि तात्या विंचू, देहाने व आवाजाने, दिलीप प्रभावळकर. कल्पनेचे बीज १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटातले आहे हे जगजाहीर आहे. परंतु मूळ कथेत बाहुला एका लहान मुलाच्या हाती पडतो. मराठीत तो पडतो बाहुल्या बोलवण्याचा ज्याला छंद आहे त्याच्या हाती, आणि एवढ्या एका फेरफाराने कथेला जी गंमत आली ती मुळात नव्हती. ज्याच्या हातातला बाहुला बोललेला ऐकून लोक एरवी टाळ्या पिटतात, तोच मनुष्य ‘बाहुला खरोखर बोलला हो!’ म्हणून आक्रोश करू लागला, तर त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार?

नेमक्या त्याच स्थळी, म्हणजे लक्ष्याशी एकांतात बाहुल्याने तोंड उघडले त्या क्षणी, वीज गेली.

गोदामात जो अंधार पसरला, तसा अंधार मी त्यानंतर पाहिलेला नाही. आधी कोणी ओरडलेसुद्धा नाही. मग पुढच्या बारदानावरून एक बारीक आवाज आला, “आता त्यो हितंच हाय बग,” आणि एकदम असा गलका उडाला, की बायकांनी आपापली मुले चाचपून ओळखून बाहेर काढली, आणि एका बाईने तर दुसरीचेच पोर उचलून घरापर्यंत नेले. वीज रात्री दोनच्या पुढे आली. तोवर राखणदार मुलाने कॅसेटी पिशवीत भरल्या होत्या. माझ्या सदऱ्याचे बटण सकाळी मुलाच्या मुठीत सापडले.

पुढले आठ-दहा दिवस आमच्या घरात बाहुल्याचा अंमल होता. तात्या विंचूचा अंत भुवयांच्या मधोमध गोळी लागली तरच होतो, ही खबर नांदेडहून आलेल्या त्या पोराने आधीच दिली असल्यामुळे, चिरंजीवांनी खबरदारीचा उपाय म्हणून बहिणीच्या प्लास्टिकच्या बाहुलीच्या कपाळी आईची लाल टिकली नेम धरण्यासाठी डकवून ठेवली. बहिणीने रीतसर फिर्याद गुदरली, मुद्देमाल हजर केला, आणि आरोपीने जबानीत एवढेच सांगितले, की ही बाहुली अद्याप बोलली नसली तरी भरवसा कोणी द्यावा? रात्री तो तीनदा उठून दाराची कडी पाही.

मला त्याचे हसू यायला हवे होते. परंतु त्या वर्षी रात्री कडी पाहणारा आमच्या घरात तो एकटा नव्हता. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसे झोपली असता किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे जाड दगडी भिंतींखाली गाडली गेली. धर्माबादेत मांडणीवरची भांडी वाजली, आढ्यातून माती गळाली, यापलीकडे काही झाले नाही. पण मेलेल्यांची गणती हजारांत गेली, आणि मराठवाड्यातला एकही प्रौढ मनुष्य त्यानंतर कित्येक महिने पाठ टेकून निर्धास्त झोपला नाही. वर्ष फिरून पुन्हा गणपती आले तेव्हा ती धास्ती उकरून निघाली होती. मी रात्री उठून भिंतीला हात लावून पाहत असे; आणि मुलगा कडी पाहून परतताना आमची ओसरीत गाठ पडे. दोघेही काही बोलत नसू. त्याच्या भीतीला नाव होते, आवाज होता, भुवया होत्या, त्या भुवयांच्या मध्ये एक निश्चित जागा होती. माझ्या भीतीला यांपैकी काहीच नव्हते, आणि खरे सांगतो, मला त्या पोराचा हेवा वाटे.

बाहुल्याचा हा धर्मच आहे, की निराकार वस्तूला तो दीड-दोन फुटांचा आकार देतो. मात्र हा आकार फुकट येत नाही, त्यामागे कोणाचे तरी हात झिजलेले असतात, आणि तात्या विंचूच्या मागले हात कोणाचे हे मुलांना माहीत नव्हते तरी त्यांच्या आईबापांना माहीत होते. बाहुला रामदास पाध्ये यांचा. त्यांचे वडील यशवंत केशव पाध्ये हे आपल्याकडील शब्दभ्रमकलेचे आद्य साधक. त्यांनी १९१६ साली अर्धवटराव नावाचा बाहुला जन्माला घातला, आणि तो बाहुला शंभरी ओलांडून अजून बोलतो आहे. रामदासांनी यंत्र-अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, १९६७ पासून ते मंचावर उभे राहू लागले, आणि पुढे दूरदर्शनच्या पडद्यावर व पापडाच्या जाहिरातीतल्या त्या खिदळणाऱ्या सशाच्या रूपाने त्यांच्या बाहुल्या ज्या घरांत नाटकाचे तिकीट काढण्याची ऐपत नव्हती त्या घरांतही जाऊन पोचल्या. जी मुले १९९४ मध्ये गोदामात बसली होती, त्यांना बोलणारा बाहुला ही चीज दूरचित्रवाणीने आधीच ओळखीची करून दिली होती, आणि ती हसवणारी होती. तीच चीज आता घाबरवू लागली, हा त्या चित्रपटाच्या परिणामाचा निम्मा भाग. उरलेला निम्मा प्रभावळकरांचा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चिमणरावांच्या वेषात मुंबई दूरदर्शनवर ज्यांनी महाराष्ट्राला लोटपोट केले, त्याच कंठातून तात्याचा तो घोगरा, खालच्या पट्टीतला, दातांवर घासत येणारा आवाज निघाला. चिं. वि. जोशांचा भित्रा कारकून आणि हा खुनी, एकाच मनुष्यात!

शब्दभ्रमाची मेख ठाऊक नसल्यामुळे लोक ती काहीतरी पोटातून बोलण्याची सिद्धी समजतात. वस्तुतः ती ओठ न हलवता बोलण्याची विद्या आहे, आणि तिची खरी अडचण आपल्या वर्णमालेच्या पाचव्या ओळीत आहे. क-वर्ग घशात उत्पन्न होतो, त-वर्ग दातांशी. त्यांना ओठांची गरज नाही. परंतु प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण ओठ मिटल्यावाचून निघतच नाहीत, म्हणून बोलवणारा ‘ब’च्या जागी ‘द’ला आणि ‘म’च्या जागी ‘न’ला काहीसे मागून उच्चारून वेळ मारून नेतो, आणि ऐकणाऱ्याचे मन, बाहुल्याचा जबडा पाहून, तो वर्ण आपल्या पदरचा दुरुस्त करून घेते. हे कळल्यापासून मला एक चाळा लागला आहे: अर्धवटराव या नावात एकही पक्का ओष्ठ्य वर्ण नाही, आहे तो केवळ ‘व’, जो ओठ न मिटताही साधतो, आणि तात्या विंचू या नावाचीही तीच गत. हे योजून झाले की योगायोगाने, हे ठरवणारा मी कोण. चित्रपटात तर आवाज वेगळाच मुद्रित होत असल्यामुळे त्याची जरुरीही नव्हती. पण ही दोन नावे आरशासमोर उभे राहून, ओठ स्तब्ध ठेवून, कोणीही म्हणून पाहावीत. मी पाहिली आहेत. घरच्यांनी मला तसे करताना पाहिले ही त्यातली एकच खेदाची बाब.

पडद्यावर बाहुला दिसतो तेव्हा चौकटीच्या अगदी कडेशी, पलंगाखाली वा भिंतीआड, कोणी तरी मनुष्य अवघडून पडलेला असतो, आणि त्याच्या मनगटाचा थकवासुद्धा बाहुल्याच्या मानेत उतरतो. हे केवळ आपल्याकडचे नव्हे. अमेरिकेत जिम हेन्सन नावाच्या गृहस्थाने १९५५ साली आईच्या जुन्या कोटाचे कापड आणि टेबलटेनिसच्या चेंडूची दोन अर्धुके घेऊन एक बेडूक शिवला. ‘द मपेट शो’ या नावाची त्याची दूरचित्रवाणी मालिका १९७६ ते १९८१ पर्यंत चालली, आणि १९७९ मध्ये तीच मंडळी घेऊन चित्रपट निघाला तेव्हा त्यात हा बेडूक सायकलवर बसून रस्त्याने जाताना दाखवला. हातात घालण्याच्या बाहुलीला पाय नसतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून त्या दृश्याने मोठी माणसेही चक्रावली. आज तिकडचे साठीकडे झुकलेले लोक त्या सायकलची आठवण ज्या हळवेपणाने काढतात, त्याच हळवेपणाने आमच्याकडची चाळिशीतली मंडळी तात्याची काढतात, हा मात्र विचित्र प्रकार आहे. तो बेडूक गोड होता. तात्या विंचू खुनी होता. मुलाच्या शाळासोबत्यांचा मोबाइलवर एक गट आहे; त्यात जाड भुवयांच्या एका अडत्याला ‘तात्या’ म्हणतात, त्याच्या भागीदाराला तात्याच्या साथीदारावरून ‘कुबड्या खवीस’ म्हणतात, आणि ज्याचे पोट सुटले आहे आणि जो कशालाही घाबरतो त्याला अजून ‘लक्ष्या’ म्हणतात. बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले, वयाच्या पन्नाशीत. त्या दिवशी हा ‘लक्ष्या’ हैदराबादेत नोकरीच्या मुलाखतीसाठी गेला होता, ती न देताच परत आला, आणि कारण विचारता ‘पोट दुखलं’ म्हणाला.

मला स्वतःला बाहुल्यांचा पहिला संस्कार झाला तो याच मुलखात, पण उलट्या दिशेने. आमचे गाव तेव्हा सीमेवर नव्हते, किंवा होते म्हटले तरी ती सीमा ताजी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे त्रिभाजन होऊन नांदेड इकडे आले आणि गोदावरीकाठचे बासर तिकडे राहिले; परंतु रेघ कागदावर ओढली म्हणून खेळ करणारे थांबत नाहीत. नदी ओलांडून बोम्मलाटवाले येत. बोम्मा म्हणजे बाहुली, आट म्हणजे खेळ. कमावून पारदर्शक केलेल्या चामड्याच्या, रंगवलेल्या, माणसाएवढ्या आकृती. पांढऱ्या पडद्यामागे तेलाचे दिवे. आणि रात्रभर रामायण. भाषा तेलुगू, ती आम्हां पोरांना निम्मीशिम्मी कळे. पण केतिगाडू नावाचा विदूषक आणि बंगारक्का नावाची त्याची जोडीदारीण भांडू लागली, की भाषा न कळताही आम्ही लोळत असू. एकदा मध्यरात्री मी लघवीला म्हणून उठलो आणि पडद्यामागे गेलो. बाहुली नाचवणारा घामाने निथळत होता, आणि शेजारच्या बाईला, बहुधा बायकोला, दिव्यात तेल घालण्यास सांगत होता. ते त्याने तेलुगूत सांगितले नाही. मोडकी, हेल वेगळा, काही शब्द कधी न ऐकलेले, पण ती मराठी होती. मी आजोबांना येऊन सांगितले. आजोबा निजामी अमदानीतले पटवारी, उर्दूत दफ्तर लिहिलेले. त्यांना आश्चर्य वाटले नाही. “आपल्याच मुलखाचे ते, पोटामागं तिकडं गेलेले,” एवढेच ते म्हणाले. फार पुढे मला कळले, की आंध्र, कर्नाटक आणि तमिळनाडू या तिन्ही प्रांतांतल्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या जमातींची घरातली बोली मराठीचाच एक प्रकार आहे. पडद्यासमोर ज्या प्रांतात असतील त्याची भाषा, आणि पडद्यामागे ही. ही माणसे केव्हा निघाली, कोणाच्या लष्कराबरोबर निघाली, याविषयी नाना मते आहेत.

मराठीला स्वतःला बाहुली नवी नाही. ज्ञानेश्वरीत कळसूत्री बाहुलीला ‘सायखडे’ हा शब्द आला आहे. तो बोलण्यातून गेला याची मला हळहळ वाटते, कारण ‘पपेट’पेक्षा तो किती तरी घरचा आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने कळसूत्री, चित्रकथी आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या तिन्ही कला सांभाळल्या. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि ज्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीस ‘सीतास्वयंवर’ करून मराठी नाटकाचा पाया घातला, त्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. माणसांचे नाटक उभे राहिले आणि त्या पेटीत पडून राहिल्या. त्या बाहुल्यांना कित्येक दशकांनी पुन्हा उभे करण्याचे काम ज्याने केले तो मनुष्य तात्या विंचूचाही कर्ता आहे, हे ऐकल्यावर माझ्या मनातला त्या खुनी बाहुल्याविषयीचा राग बराचसा निवळला.

आता नदीपलीकडून पुन्हा एकदा बाहुली आमच्या घरात आली ती अशी. आमच्या सूनबाई निजामाबादच्या, माहेरी तेलुगू. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मुलगा त्यांना तात्या विंचूची महती सांगत असता त्या शांतपणे म्हणाल्या, “हा तर आमचा ‘अम्मो बोम्मा’.” २००१ साली राजेंद्रप्रसाद यांना घेऊन तेलुगूत त्या नावाचा चित्रपट निघाला, तो ‘झपाटलेला’वरूनच बेतलेला, म्हणजे हक्क कोणाचा हा प्रश्न सन तपासताच निकालात निघतो. पण बालपणाच्या कोर्टात सनाचा पुरावा चालत नाही. सूनबाईंनी आपला बाहुला आधी पाहिला, म्हणून तो मूळ. नवऱ्याचा नंतर पाहिला, म्हणून ती नक्कल. हिंदीत ‘झपाटलेला’च ‘खिलौना बना खलनायक’ या नावाने डब होऊन गेला होता, तेव्हा बिहारात वा दिल्लीत तिसरा दावेदारही असणार. मी दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेतले आणि, कचेरीतल्या जुन्या सवयीने, निकाल राखून ठेवला.

२०१३ मध्ये ‘झपाटलेला २’ त्रिमितीत आला, तेव्हा मुलगा सूनबाईंना आणि मला नांदेडला घेऊन गेला. डोळ्यांवर काळे चष्मे चढवून आम्ही बसलो, बाहुला पडद्यातून निघून नाकापर्यंत आला, लोकांनी माना मागे घेतल्या. परतताना उमरीपर्यंत मुलगा गप्प होता. मग म्हणाला, “बाबा, गोदामात तो याच्याहून जवळ होता.” मला त्या चित्रपटाला कमी लेखायचे नाही, कसर चष्म्याची नव्हती, मिरचीची होती.

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. पहिला ‘झपाटलेला’ मराठी वाहिन्यांवर इतक्या वेळा लागला आहे, की आमच्या घरात तो किमान वीस वेळा तरी सुरू झाला असेल. आणि मुलाने तो एकदाही पुरता पाहिलेला नाही. बाहुला लक्ष्याशी एकांतात तोंड उघडतो, त्या जागी तो काही ना काही निमित्ताने उठतो. कधी फोन येतो, कधी मोटारसायकल आत घ्यायची राहिलेली असते. शेवट त्याला ठाऊक आहे, गोळी कुठे बसते हे तर नवव्या वर्षापासून ठाऊक आहे. पण पाहिलेला नाही.

गेल्या दिवाळीत मुलाची मंडळी हैदराबादहून आली होती. नात सात वर्षांची आहे, आणि भीती नावाची वस्तू तिच्या गावी नाही. मोबाइलवर तिने याहून भयंकर प्रकार पाहिलेले आहेत. दुपारी वाहिनीवर चित्रपट लागला, ती माझ्या मांडीला टेकून बसली, आणि तात्याला पाहून खदखदून हसू लागली. तिचा सारा जीव एका शंकेत अडकला होता: “आजोबा, याला हलवणारा कुठं लपलाय?” मी पलंगाखाली बोट दाखवले. ती पडद्याच्या अगदी जवळ जाऊन पलंगाखाली पाहू लागली, काचेला नाक लावून, जणू डोके तिरके केले म्हणजे दिसेल. तिला खरोखर तो दिसावा असे मला फार वाटले. घामाने निथळणारा, दिव्यात तेल घाल म्हणून सांगणारा.

मग बाहुल्याने तोंड उघडले. मुलगा उठला.

“बाबा कुठं गेले?” नातीने मान न वळवता विचारले.

“पाणी प्यायला,” मी म्हणालो.

माठावरच्या पेल्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही. आला तो दाराच्या कडीचा.